मंजुळा पायाळू

मंजुळा पायांनी जन्माला आली. डोकं आधी यायचं ते शेवटी आलं. अशा माणसाला पायाळू म्हणतात. पायाळू माणसानं पाय लावला की भरलेली उसण उतरते, अवघडलेली मान सुटते, असं लोक मानतात. पायाळूवर वीज पडते असंही मानतात. त्यामुळे दिघाशीला माहेरी असताना ढग गडगडले की आई तिला घरात कोंडून ठेवायची. मंजुळा सांगायची, "वीज कधी पडली न्हाय. शाळा तेवढी बुडली."

मानेच्या दुखण्यानं तिचा नवरा अंथरुणाला खिळला, आणि नंतर तीही. कुठली मान कुठल्या डॉक्टरकडे न्यायची हे आमच्या अख्ख्या चाळीत तिच्याएवढं कुणाला कळत नव्हतं. तरी असं झालं. कसं झालं ते मी बघितलं आहे. त्यात माझाही हात आहे, तो पुढे येईल.

कामतघरला तिच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत होती, तीही पत्र्याची. एकीकडे शिंकलं की दुसरीकडे कळायचं. मंजुळा गोड बाई नव्हती. उंच, हाडकुळी, पावलं पुरुषासारखी मोठी. चहा घेणार का विचारायची नाही, कप समोर आपटायची. कोणी जास्त वेळ बसलं की म्हणायची, "ऊठ आता, मना झाडायचा हाय." आम्ही दोघी एकाच कारखान्यात कांड्या भरायला जायचो. मागाच्या धोट्यात आडव्या धाग्याची कांडी बसते, ती. तिचा नवरा धर्मा तिथेच माग चालवायचा. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल कोणी हळहळलं तर ती त्या बाईशी महिनाभर बोलत नसे.

शुक्रवारी माग बंद असायचे. त्या दिवशी सकाळी तिच्या दारात माणसं बसलेली दिसायची, कोणाची मान डावीकडे, कोणाची उजवीकडे. कुणाला रात्रीची उशी बाधलेली, कुणी ओझं उचललेलं, बाकीचे बारा बारा तास मागावर वाकलेले. आपली माणसं, यूपी-बिहारची, तेलुगू, सगळी. दारात गोणपाट टाकलेलं असायचं, त्यावर पालथं पडायचं. मंजुळा टाचेला खोबरेल चोळायची, एक हात भिंतीला टेकवायची आणि टाच मानेवरून खांद्याकडे तीनदा उतरवायची. दाबायची नाही. मग म्हणायची, "ऊठ. मागं बघू नको. घरी जा." घेत काही नसे. कोणी नारळ आणला तर ठेवून घ्यायची.

एकदा आमचे शेठ आले. जमीन त्यांची, माग त्यांचे, चाळही त्यांचीच. मान एका बाजूला लाकडासारखी झालेली. गोणपाट बघून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"मी खुर्चीवर बसतो. तू पाय वर कर."

"मी काय सर्कशीतली हाय?" मंजुळा म्हणाली. "पाय माझा खाली येतो, मान तुमची वर येत न्हाय. कुनीतरी वाकावा लागंल, शेठ."

शेठ पांढऱ्याशुभ्र सदऱ्यानिशी गोणपाटावर पालथे पडले. गॅलरीतल्या बायकांनी तोंडात पदर कोंबले. मंजुळानं तीनदा टाच उतरवली आणि सांगितलं, "उठा. पोट कमी करा."

त्यानंतर धर्माची मान दुखायला लागली.

घरातच पायाळू, मग काळजी कसली, असं कुणालाही वाटेल. पण चाळीत दुसरीच चर्चा सुरू झाली. बायकोनं नवऱ्याच्या मानेला पाय लावायचा का? तिची सासू तेव्हा होती. ती दारात आडवी बसली. "माझ्या पोराच्या मानंवर पाय देशील? सात जन्म भोगशील." मीसुद्धा म्हणाले, नको लावू. आम्ही सगळ्यांनी तेच सांगितलं. धर्मा मधे बसून चहा पीत होता. कप दोन्ही हातांनी धरला होता. ते मी बघितलं, पण त्याचा अर्थ काय ते कळलं नाही.

सासूनं तोड काढली, दुसरा पायाळू शोधायचा. अंबाडीच्या पुढे एका पाड्यावर एक होता. पण तो वीटभट्टीवर कामाला गेलेला. आज येईल, उद्या येईल, असं करत दीड महिना गेला. तेवढ्यात धर्माला तुटलेल्या धाग्याची गाठ मारता येईना. जो माणूस डोळे मिटून गाठी मारायचा, त्याची बोटं धाग्याभोवती नुसती फिरायची. मुकादम ओरडायला लागला. चालताना झोकांड्या जायच्या, तेव्हा लोक म्हणाले, धर्मा प्यायला लागला. तो थेंबही घेत नव्हता.

पायाळू भट्टीवरून आला, पाय लावला, तीन दिवस बरं वाटलं. मग नाक्यावरच्या डॉक्टरनं सुया दिल्या. मग बाजारातल्या हाडांच्या डॉक्टरनं फोटो काढून गळ्याला पट्टा दिला. पट्टा लावून धर्मा आणखी तीन महिने कामावर गेला. एक दिवस मागापुढेच खाली बसला, उठता येईना. तेव्हा मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. मीही बरोबर होते. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं मानेला हातही लावला नाही. धर्माला सदऱ्याची बटणं काढून लावायला सांगितली, मुठी उघडून मिटायला लावल्या, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय नको एवढा उडाला. मग तिनं आमच्याकडे बघितलं.

"इतके दिवस कुठं होता?"

मंजुळानं सांगितलं. पायाळूची वाट बघत होतो हेही सांगितलं. डॉक्टरीण हसली नाही. मान दुखते म्हणजे दर वेळी ती नुसती अवघडलेलीच असते असं नाही, हे तिनं समजावलं. मानेच्या मणक्यातून मोठी नस खाली जाते, ती दाबली गेली की आधी बोटं जातात, मग पाय. फोटोत हाडं दिसतात, नस दिसत नाही. ऑपरेशन करू, पण गेलं ते परत येईल असं धरू नका.

बाहेर येताना मंजुळा मागे वळली आणि तिनं विचारलं, "कळायचा कसा? पुढच्यास कळायचा कसा?" बाहेर पेशंटांची रांग लागली होती, तरी त्या मुलीनं तिला पुन्हा सगळं सांगितलं. मंजुळाला लिहायला येत नव्हतं. घरी येईपर्यंत ती तेच पुटपुटत होती.

ऑपरेशननंतर धर्मा जगला. हात चमच्यापुरते आले, पाय आले नाहीत. त्याला उचलणं, कुशीवर वळवणं, धुणं, सगळं मंजुळावर आलं. सासू त्याच वर्षी वारली.

मला वाटलं, आता ही पाय लावायचं सोडेल. नाही सोडलं. फक्त गोणपाटावर पडायच्या आधी ती माणसाला उभं करून विचारायला लागली. हातात मुंग्या येतात का? चप्पल पायातून निसटते का? पडला होतास का? ताप हाय का? घाम येतो का, जबडा दुखतो का? नुसतीच अवघडली असेल तर पाय लावायची आणि गरम पाण्यानं शेकायला सांगायची. दोन आठवड्यांत नाही सुटली तर साध्या डॉक्टरला दाखव, तो व्यायामवाल्याकडे धाडील. गाडीवरून पडला असेल तर हलू नको, हाडवाल्याकडे. मुंग्या, बोटं, चाल यातलं काही असेल तर नसांचा डॉक्टर, नाहीतर मणक्याचं ऑपरेशन करतो तो. तापाबरोबर मान ताठली असेल, नाहीतर घाम येऊन जबडा दुखत असेल, तर घरीसुद्धा जायचं नाही, सरळ मोठा दवाखाना.

मी एकदा विचारलं, "तुला सगळं कळलंय, मग पाय कशाला लावतेस? पायानं काय होतं?"

"काय होत न्हाय."

"मग?"

"पाय न्हाय लावला तं माझा ऐकतंय कोन? मी काय डॉक्टर हाय? पायासाठी येतात म्हनून उभे राहतात गो."

हे तिचं शहाणपण दोन वर्षं नीट चाललं. मग शेठ पुन्हा आले. गाडीतून उतरले तेच गळ्यापाशी हात धरून. मान दुखतेय म्हणाले, जबडा दुखतोय, डावा खांदा भरून आलाय. कपाळावर घाम. या वेळी खुर्ची मागितली नाही, सरळ गोणपाटावर बसले. मंजुळानं तेलाची बाटली खाली ठेवली आणि दोन्ही पाय साडीत घेऊन मांडी घातली.

"पाय लावनार न्हाय. छातीचा दुखना हाय हा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जावा."

"तू मला शिकवतेस? पाय लाव."

"न्हाय."

"खोली माझी आहे, लक्षात ठेव."

"खोली घ्या. आधी दवाखान्यात जावा."

बायका ऐकत होत्या. शेठचं तोंड लाल झालं. ते उठले, गाडीत बसले आणि न्हाव्याकडे गेले. तिथं त्यांनी मान कडाकडा मोडून घेतली, डोक्याची चंपी करून घेतली, घरी जाऊन झोपले. दुपारी घरची माणसं उठवायला गेली तर शेठ गेलेले होते.

कोणी म्हणालं नाही की मंजुळा बरोबर होती. लोक म्हणाले, पायाळूनं पाय नाकारला म्हणून माणूस गेला. पुढच्या शुक्रवारपर्यंत ही गोष्ट सगळ्या कारखान्यांत झाली. ती ज्याला नाही म्हणते तो मरतो. तिच्याकडे येणं लोकांनी थांबवलं नाही, पण तिनं नाही म्हणू नये म्हणून ते खोटं बोलायला लागले. मुंग्या? छे. चप्पल? कधीच नाही. घाम? उकडतंय ना, मावशी. सगळ्यांचं सगळं चांगलं, फक्त मान जरा दुखते.

मंजुळानं पंधरा दिवस शिव्या घातल्या. मग विचारणंच बंद केलं. माणूस आला की त्याला आधी सदऱ्याची बटणं लावायला सांगायची आणि मग गॅलरीतल्या फरशीच्या रेघेवरून चालवायची, टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावत. "तोंड खोटा बोलतं," ती म्हणायची, "बोटांना न्हाय जमत."

बिहारकडचा एक कारागीर असाच आला. "अम्मा, बस गर्दन पकड़ी है," म्हणाला. रेघेवर तीन पावलं टाकली आणि कठड्याला धडकला.

"दारू पिया?"

"अम्मा कसम, नहीं."

"मेरे को मालूम, नहीं पिया. चलो."

"कहाँ?"

"चुप. चप्पल पहनो."

त्या दिवशी मला न विचारताच धर्माला माझ्या भरवशावर टाकून ती त्याला त्याच मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. त्याचं ऑपरेशन वेळेत झालं. तो स्वतःच्या पायांनी गावाला गेला. परत आला नाही, कधी फोनही नाही. मंजुळाला त्याचं काही वाटलं नाही. "चालत गेला ना? मंग," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी मी धर्माला सांभाळलं ते सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. ताट लावून चमचा हातात दिला, पाणी पाजलं. दुपारी त्याला साफ करावं लागलं. मी केलं, पण नाकाला पदर बांधून, आणि त्याच्याकडे न बघता. तोही भिंतीकडे बघत होता. दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तेव्हाच ठरवलं, पुन्हा नाही.

चारेक वर्षं गेली. एकदा कारखान्यात मंजुळाच्या हातातून कांड्यांची पाटी पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग ती नळावर म्हणाली, "एवढी चादर पिळून दे." मंजुळा कोणाकडे काही मागत नसे. ती गॅलरीतून जाताना भिंतीला बोटं लावून चालायला लागली होती. मी आठ दिवस बघितलं आणि मग तिच्यासमोर उभी राहिले.

"रेघेवरून चाल."

"मनाच शिकवतंस?"

"चाल."

ती चार पावलं चालली. पाचव्याला तिनं कठडा धरला. खाली कोणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत होता.

"कधीपासून?"

"आखाडापासून."

"म्हणजे चार महिने! आणि तू गप्प?"

ती उंबऱ्यावर बसली. "ऑपरेशन बोलतील. धा-पंधरा दिवस तिथं. मंग दोन-तीन महिने काय उचलायचा न्हाय. ह्याला कोन उचलंल?" आतून धर्मा ऐकत होता. त्याचे कान चांगले होते.

"भावाला बोलव."

"त्याची शेती, त्याची पोरा. तो चार दिवस येईल." मग तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "तू करशील?"

इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली चादर.

मी नाही म्हणाले. लगेच म्हणाले, विचार करायला वेळ घेतला नाही. मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल, परक्या बाप्याचं अंग मी या वयात कसं धुऊ, असं बरंच बोलले. ते खरं नव्हतं. मुलगा काही म्हणाला नसता. मला ते करायचं नव्हतं, एवढंच. तो वास, ते उचलणं, त्याचं भिंतीकडे बघणं. मी एक दिवस केलं होतं आणि तीन महिने मला करायचं नव्हतं.

मंजुळा म्हणाली, "बरा." मग म्हणाली, "ऊठ आता, मना झाडायचा हाय."

त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही. मीही काढला नाही. पत्र्याच्या भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं. पहाटे ती धर्माला वळवायची, तेव्हा आधी तिचा एक हुंकार यायचा, मग खाट कुरकुरायची. पुढे पुढे दोन-तीन हुंकार लागायला लागले. एकदा ती त्याला उचलताना दोघंही खाली पडली. मी गेले, दोघांना उठवलं. धर्मा मला म्हणाला, "वहिनी, तिला समजवा. मला दिघाशीला कुठंतरी टाका नि तिला न्या." मंजुळा म्हणाली, "गप र्‍हा. तुझी मान माझ्यामुळं गेली."

तिच्यामुळे गेली नव्हती. तिनं पाय लावला असता तरी गेलीच असती. आम्ही सगळे मिळून पाय लावावा की नाही यावर वाद घालत बसलो आणि डॉक्टर कुणाला सुचला नाही. हे मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी दोघांना उठवून बसवलं आणि घरी आले.

आणखी सात महिने तिनं त्याला उचललं. मग धर्माला ताप आला, छाती भरली आणि तो गेला. तेराव्याला भाऊ आला होता. त्याच्या गाडीनं ती दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली. नाक्यावरचा डॉक्टर नाही, पट्टा नाही, मालिश नाही, कुठेही न चुकता थेट नसांच्या डॉक्टरकडे. मी बरोबर होते. ती डॉक्टरीण केव्हाच बदलून गेली होती, तिच्या जागी एक टक्कल पडलेला माणूस होता. मंजुळानं त्याला सांगितलं कधी बोटं गेली, कधी चाल गेली, कधी लघवी अडायला लागली. एकही गोष्ट पुढेमागे न करता. डॉक्टर लिहायचं थांबून ऐकत राहिला.

"आजी, इतकं नीट मला कोणीच सांगत नाही. तुम्ही अगदी बरोबर ठिकाणी आलात." मग त्यानं पेन ठेवलं. "पण फार उशिरा आलात."

बाहेर बाकावर बसून मंजुळा हसायला लागली. "ऐकलास? बरोबर ठिकानी आली मी." तिला हसू आवरेना. बाजूची माणसं बघायला लागली. मला हसू आलं नाही.

ऑपरेशन झालं. दुखणं थोडे दिवस तिथं थांबलं, मग पाय गेले आणि हातही. भावानं तिला दिघाशीला नेलं. खोली रिकामी झाली, तिथं आता मोबाईल दुरुस्त करणारं एक कुटुंब राहतं. ते दिवसभर गाणी लावतात.

मी तिला भेटायला एकदाच गेले, गेल्या माघात. भावाचं घर रस्त्याला लागूनच आहे. पुढच्या पडवीत खाटेवर तिला उशांना टेकवून बसवलं होतं. मान ऑपरेशननंतर वळत नव्हती, हात पोटावर ठेवले होते ते ठेवल्याठिकाणी होते. भावजय तिला पेज भरवत होती. बाई वाईट नव्हती, पण घाईत होती. पेज हनुवटीवरून ओघळली, तेव्हा मी चमचा मागून घेतला. चार घास मी भरवले. मग मंजुळा म्हणाली, "पुरे. तुना जमत न्हाय."

मी तिला म्हणाले, "मी हो म्हणायला हवं होतं."

ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "हो बोलून चार दिवसांनी पळाली असतीस तं? तवा मी दवाखान्यात फाडून पडलेली नि तो घरी घानीत. न्हाय बोललीस, मना कळला, काय ते." मग म्हणाली, "पन ‘हो’ बोलायला हवा होतास. ते बी खरा हाय."

ती तशीच होती. बरं वाटावं म्हणून काही बोलायची नाही.

निघताना तिनं सांगितलं, "खाट फिरव. तोंड भिंतीकडं येतंय. दिसभर भिंत बघते मी. ह्यांना दहादा सांगितला." मी आणि भावजयीनं खाट उचलून फिरवली. आता तिला समोरचा रस्ता दिसायला लागला, चिंचेचं झाड आणि त्याखालचा थांबा. मी येते म्हणाले. ती म्हणाली, "जा."

अंबाडीला जाणारी रिक्षा त्याच चिंचेखाली मिळते. मी जाऊन उभी राहिले. रिक्षा नव्हती. मी वळले तर समोर खाट, खाटेवर ती, आणि ती माझ्याकडे बघत होती. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर होतं. बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं. हात हलवायचा तर तिला हलवता आला नसता. अर्धा तास मी त्या झाडाखाली उभी होते आणि ती बघत होती. तिला तोंड फिरवता येत नव्हतं. मला येत होतं. मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिले, रिक्षा येईपर्यंत.